उशाशी कोण असते?
(अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि रुग्णाचा अखेरचा काळ : एक अभ्यास)

मृत्यूचा विषय घरात काढला की वडीलधारी माणसे ‘अभद्र बोलू नये’ म्हणून दटावतात. ज्या गोष्टीतून एकही घर सुटलेले नाही, तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. पूर्वी हे चालून जात असे, कारण बोलणे नसले तरी पाहणे होते. माणूस बहुधा घरातच जाई. त्याच्या उशाशी लेकी-सुना बसत. हातपाय गार पडू लागले की शेजारची एखादी जाणती म्हातारी ते ओळखे आणि तोंडात तुळशीपत्र ठेवा, गंगेचे पाणी घाला, लांबच्या लेकीला निरोप धाडा, असे सांगे. आज अनेकांचे शेवटचे दिवस रुग्णालयात आणि त्यातही अतिदक्षता विभागात जातात. आप्तेष्ट काचेच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसलेले असतात. मग आत उशाशी कोण असते? त्या जाणत्या म्हातारीची जागा आता परिचारिकेने घेतली आहे. तिला या कामाविषयी काय वाटते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मी द्वितीय वर्ष कला वर्गात समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई डबे करून देते. माझी ताई बारावीनंतर जीएनएमचा अभ्यासक्रम पुरा करून परिचारिका झाली. गेली चार वर्षे ती एका अतिदक्षता विभागात काम करते. तिच्या पगारावर मी महाविद्यालयाची पायरी चढले. आमच्या घरातून ती चढणारी मी पहिलीच. वर्गात ‘व्यवसाय’, ‘भूमिका’, ‘भूमिका-संघर्ष’ हे शब्द शिकताना मला सारखे वाटे की, ज्या कामाच्या पैशांतून आपली फी भरली जाते, ते काम आपण एकदा नीट अभ्यासावे. म्हणून दिवाळीच्या सुटीत मी ताई आणि तिच्या दोन मैत्रिणी यांच्याशी वही घेऊन बोलले, आणि या विषयावरचे लेखन मिळेल तसे वाचून काढले. तिघींच्या सांगण्यावरून साऱ्या परिचारिकांविषयी निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांची नावे आणि रुग्णालये मुद्दामच दिलेली नाहीत.

हाताने चालणारा श्वास

अतिदक्षता विभाग ही कल्पना फार जुनी नाही. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण, विशेषतः मुले, येऊ लागली आणि यंत्रे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घालण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग सुचवला. पण चोवीस तास पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयातील सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून त्या मुलांच्या उशाशी बसले. मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. पुढे १९५३ साली इब्सेनने त्याच शहरात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ तेथून मानतात.

म्हणजे तेथे हे कृत्रिम श्वसन यंत्राने नव्हे, तर माणसाच्या हाताने दिले गेले. आपल्याच वयाच्या विद्यार्थ्यांचे ते हात होते. पुढे ते काम व्हेंटिलेटरकडे गेले, रक्तदाब टिकवणारे औषध थेंबाथेंबाने सोडणारे पंप आले आणि हृदयाची रेघ पडद्यावर दिसू लागली. या सुधारणांमुळे असंख्य माणसे वाचली. पण त्यांतून एक नवा प्रश्नही निर्माण झाला. पूर्वी मृत्यू आला की येई. आता पुष्कळदा तो थोपवून धरता येतो. कोठवर थोपवायचा, हे यंत्र सांगत नाही. आणि हा प्रश्न ज्या खाटेवर उभा राहतो, त्या खाटेपाशी आठ किंवा बारा तास उभी असते ती परिचारिका. डॉक्टर येऊन तपासून जातात, नातेवाईक दिवसातून एकदा-दोनदा पाच मिनिटे आत येतात. ताई म्हणाली, “यंत्रावरचे आकडे सगळेच बघतात गं. पायाच्या तळव्याला हात लावून बघणारी मीच असते.”

जे काम कोणी मोजत नाही

अशा रुग्णाचे काम म्हणजे काय? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीत साठलेला कफ ओढून काढायचा. डोळे उघडे राहत असतील तर त्यांत मलम घालून पापण्या मिटायच्या. तोंड स्वच्छ करायचे. लघवी मोजायची, प्रत्येक तासाची नोंद करायची. रुग्ण जगणार असो वा नसो, यातले काही चुकवता येत नाही.

रुग्ण बेशुद्ध असला तरी ताई त्याच्याशी बोलते. “काकू, कूस बदलतेय हं, थोडं दुखेल.” मला हे प्रथम नवल वाटले. नंतर वाचनात आले की, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अखेरच्या अवस्थेतील काही रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी तपासल्या आणि प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांपैकीही काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत असल्याचे त्यांना आढळले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या रुग्णांना शब्दांचा अर्थ कळत होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण ताईला असा पुरावा लागत नाही. ती म्हणते, “ऐकू येत नसेल तर माझं काय जातं? आणि येत असेल तर?”

नातेवाईकांच्या श्रद्धा सांभाळणे हेही तिचेच काम. घशात नळी असलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालता येत नाही. ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. पण गावाहून आलेला मुलगा बाटलीतून गंगाजल घेऊन आलेला असतो. अशा वेळी कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून ती रुग्णाचे ओठ ओले करते, आणि तुळशीचे पान उशीपाशी ठेवते. मुसलमान कुटुंब असेल तर कोणा एकाला कानाशी कलमा म्हणू देते, ख्रिस्ती असेल तर फादरांना बोलावण्यासाठी वेळ काढून देते. ‘हे कोणत्या पुस्तकात शिकवले?’ असे मी विचारले, तेव्हा तिघीही हसल्या. इनचार्ज सिस्टरांना करताना पाहिले, एवढेच उत्तर मिळाले.

मृत्यूनंतरही काम संपत नाही. शरीर ताठरण्यापूर्वी डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, हातपाय सरळ करायचे. नळ्या काढून अंग पुसायचे. मात्र पोलीस केस असेल तर शवविच्छेदन होईपर्यंत नळ्या तशाच ठेवाव्या लागतात, आणि ते नातेवाईकांना समजावून सांगणेही तिच्यावरच येते. मग नावाची चिठ्ठी बांधायची, चादर गुंडाळायची, कागद पुरे करायचे. मावशी खाट पुसून घेतात आणि तासाभरात त्याच खाटेवर दुसरा रुग्ण येतो. त्याच्या नातेवाईकांना ताईने धीर द्यायचा असतो, आणि चेहऱ्यावर आधीच्या तासाचे काही दिसू द्यायचे नसते.

आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या अभ्यासावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. पगारासाठी स्वतःच्या भावना आवरणे किंवा ठरावीक भावना चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच आहेत, असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी किती पोती उतरवली, ते संध्याकाळी मोजता येते. ताईने किती उतरवले, ते कोणत्याही वहीत येत नाही. ‘तू रडतेस केव्हा?’ असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “बसमध्ये. खिडकीची जागा मिळाली तर.”

परस्परांचे सोंग

बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को भागातील रुग्णालयांत जाऊन मरणासन्न रुग्णांभोवतीची माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९६५ साली निघाले. त्यांच्या गटात जीन क्विंट या परिचारिकाही होत्या, आणि त्यांनी १९६७ साली परिचारिका व मरणासन्न रुग्ण यांविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी चार अवस्था सांगितल्या. पहिलीत इतरांना सारे ठाऊक असते, रुग्णाला नसते. दुसरीत रुग्णाला संशय येतो. तिसरीत दोन्ही बाजूंना ठाऊक असते, पण दोघेही ठाऊक नसल्याचे सोंग करतात. चौथीत सारे उघड बोलले जाते.

हे वर्गीकरण वाचून मी ताईला सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की, अतिदक्षता विभागात रुग्ण तर बेशुद्धच असतो. सोंग चालते ते परिचारिका आणि नातेवाईक यांच्यात. मला हे निरीक्षण महत्त्वाचे वाटते. दाराशी आलेली मुलगी विचारते, “सिस्टर, आज जरा बरं आहे ना?” रक्तदाबाचे औषध रात्रीतून तिप्पट वाढवले आहे, हे ताईला ठाऊक असते. पण आजाराची परिस्थिती सांगणे हे डॉक्टरांचे काम. परिचारिकेने परस्पर काही सांगितले आणि नातेवाईक बिथरले, तर जाब तिलाच द्यावा लागतो. म्हणून ती म्हणते, “डॉक्टर राउंडला आले की सांगतील.” मुलीलाही उत्तर कळलेले असते. तरीही ती मान हलवून परत जाते. सर्वांत अवघड औषध कोणते, असे मी विचारले तर ताईच्या मैत्रिणीने हेच वाक्य सांगितले.

नैतिक कुचंबणा

अँड्र्यू जेमटन या विचारवंताने १९८४ साली परिचारिकांच्या नीतिशास्त्रावर लिहिताना एका विशिष्ट दुःखाला नाव दिले. योग्य काय ते कळते आहे, पण संस्थेच्या नियमांमुळे ते करता येत नाही, अशी ती अवस्था. तिला मी मराठीत ‘नैतिक कुचंबणा’ म्हणते. तिघींच्या बोलण्यात ही कुचंबणा दोन रूपांनी आली.

पहिले रूप म्हणजे नको इतके उपचार. ज्याच्या बऱ्या होण्याची आशा डॉक्टरांनाही उरलेली नाही, अशा वृद्धाचे हृदय थांबते. काही लेखी ठरलेले नसते, म्हणून छातीवर दाब द्यावाच लागतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल. म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडतात आणि ते हाताला कळते. एकीने मला आपले दोन्ही तळहात दाखवून म्हटले, “तो आवाज कानाला नाही, इथं ऐकू येतो.” हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कोणत्या रुग्णाबाबत करू नये, याविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पण सूचना कागदावर येणे आणि रात्री तीन वाजता खाटेपाशी पोहोचणे, यांत अंतर आहे.

दुसरे रूप याच्या अगदी उलट, आणि ते आपल्याकडचे आहे. रुग्णाला अजून आशा असते, पण घरचे पैसे संपतात. मग डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेतात. रुग्णालयाच्या भाषेत याला ‘डामा’ म्हणतात. व्हेंटिलेटर काढून नळीला हाताने दाबायची पिशवी जोडतात, आणि ती कशी दाबायची हे परिचारिका धाकट्या भावाला किंवा मुलाला दोन मिनिटांत शिकवते. कोपनहेगनमध्ये हीच पिशवी मुलांना जगवण्यासाठी दाबली गेली. येथे ती गावाच्या वेशीपर्यंत श्वास पोचवण्यासाठी दाबली जाते. मी हमालाच्या घरातली आहे. ती सही करणारे हात मी ओळखू शकते. ताईसुद्धा ओळखते, म्हणूनच ते तिला जड जाते.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, या कुचंबणेने टोक गाठले. नातेवाईकांना आत सोडत नसत. अंगभर पोशाखात चेहरा दिसत नसे, म्हणून छातीवर नाव लिहून परिचारिका उभ्या राहत आणि स्वतःच्या मोबाइलवर घरच्यांचे तोंड रुग्णाला दाखवत. ताई तेव्हा शिकत होती. पण तिची ज्येष्ठ मैत्रीण कामावर होती. तिने सांगितले की, काही घरांतून तिला अजूनही दिवाळीला फोन येतो. तिला त्या रुग्णांचे चेहरे आठवत नाहीत, आवाज मात्र आठवतात.

केईएममधील एक उदाहरण

आता एक असे उदाहरण, जे सर्वांना ठाऊक आहे, पण या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या अखेरपर्यंत अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. शेवटचे दिवस त्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होत्या. या ४१ वर्षांहून अधिक काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण वॉर्ड क्रमांक ४ मधील त्यांची सेवा थांबली नाही. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ज्याने दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम पाहिले आहे, त्यालाच या ओळीचे वजन कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाबाईंचे अन्न थांबवून त्यांना मुक्त करावे, असा अर्ज केला होता. त्यामागेही करुणाच होती. परिचारिकांनी त्याला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. मात्र काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवन टिकवणारे उपचार थांबवता येतील, असे तत्त्व त्याच निकालात मान्य केले. आणि अरुणाबाईंच्या बाबतीत निर्णय घेण्याचा अधिकार, रोज त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे म्हटले.

येथे कोणी विचारील : एकीकडे परिचारिका ‘आता पुरे’ म्हणतात, दुसरीकडे ‘थांबवू नका’ म्हणतात, मग त्यांचे खरे मत कोणते? मला यात विसंगती दिसत नाही. प्रत्येक खाटेवरचे माणूस वेगळे. दोन्ही ठिकाणी बोलणारी व्यक्ती मात्र एकच आहे. ती सर्वांत जवळ उभी आहे आणि आपल्याला विचारावे, एवढेच म्हणते आहे. केईएममध्ये न्यायालयाने तिचे ऐकले.

कायदा आणि रिकामी खुर्ची

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. ती पद्धत फार किचकट होती, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. उपचार थांबवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दोन मंडळे असतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले डॉक्टर आणि आणखी तज्ज्ञ.

या दोन्ही मंडळांत परिचारिकेला खुर्ची नाही. ज्या स्त्रीला रुग्णाच्या वेदना त्याच्या कपाळावरील आठीवरून कळतात, त्याची मुलगी दाराशी काय बोलली हे ठाऊक असते, आणि निर्णय झाल्यावर प्रत्यक्ष पंप बंद करताना जी तेथे उभी असते, तिचे मत नियमाने विचारलेच जात नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे ही मोठी उणीव आहे. निर्णय परिचारिकेने घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. ती जबाबदारी तिच्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण तिचे निरीक्षण लेखी मागवून मंडळापुढे ठेवण्यास काय हरकत आहे?

काय करता येईल?

सुश्रूषेकडे पाहण्याची आधुनिक दृष्टी ज्यांनी दिली, त्या सिसिली साँडर्स मुळात परिचारिकाच होत्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते; ती मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेचीही असते, हा त्यांचा विचार. आपल्या देशातील पहिले असे केंद्र १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाले. ते शांती अवेदना सदन.

अतिदक्षता विभागातही हा विचार आणता येतो. कॅनडात हॅमिल्टन येथील एका रुग्णालयात डॉ. डेबोरा कुक आणि सहकाऱ्यांनी मरणासन्न रुग्णांच्या साध्या तीन इच्छा पुऱ्या करण्याचा उपक्रम केला आणि २०१५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याला खर्च फारच थोडा येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया येथील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने आणखी साधी प्रथा पाडली. रुग्ण दगावला की खाटेभोवतीच्या सर्वांनी क्षणभर मूक उभे राहायचे. गेलेल्या माणसासाठी आणि त्याला वाचवू पाहणाऱ्या हातांसाठी. मी हे ताईला वाचून दाखवले. तिची पहिली शंका अगदी व्यवहाराची होती : “तेवढ्या वेळात शेजारच्या खाटेचा पंप वाजला तर?” म्हणजे मुळात माणसे पुरेशी हवीत. एका परिचारिकेकडे तीन-तीन गंभीर रुग्ण असतील, तर मिनिटभराचे मौनही परवडत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विभागात परिचारिकांची संख्या पुरेशी असावी. रुग्णाच्या अखेरीविषयी बोलण्याचे शिक्षण त्यांना अभ्यासक्रमातच मिळावे, आणि डॉक्टर नातेवाईकांशी बोलतात तेव्हा परिचारिकेलाही सोबत उभे करावे, म्हणजे पुढचे सोंग आपोआप संपेल. आणि आपण, विद्यार्थ्यांनी, घरी हा विषय काढावा. माझ्या आईवडिलांना मी तो काढून दाखवला. आई प्रथम रागावली. वडील मात्र बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “मला मशीन लावलं तरी चालेल. पण तुझ्या ताईसारखी कोणीतरी जवळ पाहिजे.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. कायद्याने सांगितलेल्या कागदावर ते कोणत्या रकान्यात बसेल, हे मला अजून सापडलेले नाही.